माप कोणत्या तापमानाचे?

पोलादी जॉब मोजताना तापमानाकडे दुर्लक्ष केले तरी बहुधा निभावून जाते. प्लास्टिक मात्र ही सवलत देत नाही. लेथवर अचूक उतरलेला नायलॉनचा नग तपासणीच्या खोलीत कमी मापाचा ठरतो, तेव्हा दोष नेमका कोणाचा असतो?

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. मे महिन्यातील दुपार आहे. पुण्याजवळच्या भोसरीतील एका छोट्या कारखान्यात, पत्र्याच्या छपराखाली पारा ३८ अंश सेल्सिअसवर गेला आहे. लेथवर कास्ट नायलॉनच्या बुशचे टर्निंग चालू आहे. ड्रॉईंगवर बाहेरचा व्यास १०० मिलिमीटर दिला असून त्यात ०.०५ मिलिमीटर कमी-जास्त एवढीच मुभा आहे. टर्नर अनुभवी आहे. वर्षानुवर्षे पोलादावर काम करून त्याचा हात बसला आहे. तो मायक्रोमीटर लावतो, १००.०० हा आकडा दिसताच नग उतरवतो आणि पुढचा चढवतो.

दोन दिवसांनी हा माल एका मोठ्या कंपनीच्या तपासणी विभागात पोहोचतो. तेथील खोली वातानुकूलित आहे, तापमान बारा महिने २० अंश. नग रात्रभर तेथे ठेवले जातात आणि सकाळी मोजले जातात. आकडा येतो ९९.८६. एक नग नव्हे, सगळेच नग कमी मापाचे. संपूर्ण लॉट परत जातो आणि दूरध्वनीवर वाद सुरू होतो.

"साहेब, एकेक नग मोजून पाठवलाय. तुमचा मायक्रोमीटर एकदा तपासून घ्या."

"अहो, आमचा परवाच कॅलिब्रेट होऊन आलाय. तुम्ही तुमचा तपासा."

दोघेही आपापला मायक्रोमीटर तपासून घेतात आणि दोन्ही बिनचूक निघतात. इकडे बिल अडकलेले असते, नायलॉनच्या सळ्यांचे पैसे देऊन झालेले असतात आणि कमी मापाचा नग मोठा करण्याची सोय कोणत्याही लेथवर नसते. प्रसंग कल्पित असला, तरी त्यातील ०.१४ मिलिमीटरची तूट कल्पित नाही. साध्या गुणाकाराने ती काढता येते. ती कोठून आली, हे समजून घ्यायचे तर सुरुवात लोहाराच्या भात्यापासून करावी लागेल.

लोहाराला ठाऊक असलेले शास्त्र

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना ज्यांनी पाहिली असेल, त्यांना उष्णतेने होणारे प्रसरण वेगळे सांगावे लागत नाही. धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवतात. ती गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवतात, चाकावर बसवतात आणि लगेच पाणी ओततात. धाव आकसते आणि चाकाला घट्ट आवळून धरते. दीड मीटर व्यासाची धाव ५०० अंशांनी तापवली, तर तिचा व्यास सुमारे ९ मिलिमीटरने वाढतो. तेवढ्यात लोहाराचे काम होते.

असे का घडते? घन पदार्थातील अणू निश्चल नसतात. ते जागच्या जागी थरथरत असतात. तापमान वाढले की ही थरथर वाढते. दोन अणूंमधील बंध एखाद्या स्प्रिंगसारखा मानला, तर ही स्प्रिंग दोन्ही बाजूंनी सारखी नसते. अणूंना जवळ ढकलणे कठीण, दूर ओढणे त्या मानाने सोपे. त्यामुळे थरथर वाढली की अणूंमधील सरासरी अंतर वाढते आणि सारा पदार्थ फुगतो. बंध जितका बळकट, तितके हे फुगणे कमी.

प्रत्येक पदार्थाचे हे प्रसरण वेगळे असते. ते प्रसरणांकाने सांगतात. एक मीटर लांबीची वस्तू एक अंशाने तापवली असता ती किती मायक्रॉनने वाढते, हा तो आकडा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साध्या पोलादाचा प्रसरणांक सुमारे ११.५ आहे. बिडाचा त्याच्या जवळपास, पितळेचा १९ च्या आसपास, तर ॲल्युमिनिअमचा २३. म्हणजे ॲल्युमिनिअम पोलादाच्या दुपटीने वाढते.

वीस अंशांचा करार

वस्तूची लांबी तापमानाबरोबर बदलत असेल, तर 'ही वस्तू १०० मिलिमीटर आहे' हे विधान अपुरे ठरते. कोणत्या तापमानाला, हा प्रश्न शिल्लक राहतोच. जगाने त्याचे उत्तर टप्प्याटप्प्याने ठरवले.

१८८९ पासून मीटरचे आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणजे प्लॅटिनम-इरिडियमची एक पट्टी होती. तिच्यावरील दोन रेषांमधील अंतर म्हणजे एक मीटर. पण केव्हा, तर पट्टी वितळत्या बर्फाच्या तापमानाला, म्हणजे शून्य अंशाला असताना. प्रयोगशाळेत हे ठीक होते. कारखान्यात मात्र शून्य अंशाला कोणी काम करीत नाही. ब्रिटनमध्ये मापे ६२ अंश फॅरनहाइटला धरली जात, इतरत्र आणखी वेगळ्या तापमानाला. एका देशात केलेले गेज दुसऱ्या देशात थोडे निराळे भरे.

स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलादी ठोकळ्यांचे जे संच घडवले, ते आज आपल्याकडे 'स्लिप गेज' या नावाने प्रत्येक टूलरूममध्ये आढळतात. या ठोकळ्यांचे माप २० अंशांना बरोबर असे. ते जगभर गेले आणि २० अंशांचा प्रघातही त्यांच्याबरोबर पसरला. या आकड्याची आणखी एक सोय होती. २० अंश सेल्सिअस म्हणजे बरोबर ६८ अंश फॅरनहाइट. दोन्ही मोजपट्ट्यांवर पूर्णांक. शिवाय युरोपातील कामगाराला ते सुसह्य. अखेर एप्रिल १९३१ मध्ये वजने व मापांच्या आंतरराष्ट्रीय समितीने औद्योगिक मोजमापासाठी २० अंश हे तापमान मान्य केले. पुढे १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, आपली पहिली शिफारस प्रसिद्ध केली, ती याच विषयावर होती. तिचा क्रमांकच एक आहे.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, ड्रॉईंगवर दुसरे काही लिहिले नसेल तर त्यावरील प्रत्येक माप २० अंशांचे असते. महाराष्ट्रातील बहुतेक कारखान्यांत वर्षातील फार थोडे दिवस, तेही पहाटेचे काही तास, हे तापमान आपोआप लाभते. उरलेल्या काळात ड्रॉईंग एका तापमानाचे आणि जॉब दुसऱ्या, अशी स्थिती असते. तरीही या कारखान्यांतून उत्तम सुटे भाग बाहेर पडत आले आहेत. ते कसे?

पोलादाची माया

याचे उत्तर मायक्रोमीटरमध्येच आहे. मायक्रोमीटर स्वतः पोलादाचा असतो. पोलादी जॉब ३८ अंशांना १०० मिलिमीटरवर सुमारे २१ मायक्रॉनने वाढतो, हे खरे. पण त्याच खोलीत पडलेला मायक्रोमीटरही तेवढ्याच प्रमाणात वाढलेला असतो. मोजणारा आणि मोजला जाणारा दोघेही सारखेच फुगले, तर आकडा बदलत नाही. ३८ अंशांना पोलादी जॉब १००.०० दाखवीत असेल, तर २० अंशांनाही तो १००.०० दाखवील. अट एवढीच की, जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही एकाच तापमानाला असावेत.

पोलादाने कारागिराला लावलेली ही सवय पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जॉब गरम असताना मोजू नये आणि मायक्रोमीटर फार वेळ हातात धरू नये, एवढी पथ्ये पाळली की बाकीचे पोलाद सांभाळून घेते. मायक्रोमीटरच्या कमानीवर प्लास्टिकच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्याही यासाठीच. हाताची ऊब कमानीत उतरू नये म्हणून त्या असतात.

ॲल्युमिनिअमचा जॉब आला की ही माया थोडी पातळ होते. १०० मिलिमीटरचा ॲल्युमिनिअमचा नग ३८ अंशांना सुमारे ४१ मायक्रॉनने वाढतो, मायक्रोमीटर २१ मायक्रॉनने. फरक २० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे ०.०२ मिलिमीटर. ड्रॉईंगवर ०.०५ ची मुभा असेल, तर हा फरक त्यात बहुधा लपून जातो आणि टर्नरला त्याचा पत्ताही लागत नाही. धातूंवर काम करणाऱ्याला तापमान दिसत नाही, ते असे.

धातूंच्या जगात उलट टोकाचा अपवादही आहे. पॅरिसजवळच्या सेव्ह्र येथील आंतरराष्ट्रीय वजनमाप संस्थेत काम करणारे स्विस शास्त्रज्ञ शार्ल एदुआर गियोम यांनी १८९६ मध्ये लोखंड आणि ३६ टक्के निकेल यांचा असा मिश्रधातू शोधला, की त्याचा प्रसरणांक जेमतेम १ च्या आसपास भरतो. त्याचे नाव इन्व्हार. जमिनीच्या मोजणीच्या तारांपासून घड्याळांच्या लंबकांपर्यंत त्याचा उपयोग झाला आणि १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक गियोम यांना मिळाले. लांबी न बदलणे किती मोलाचे आहे, याची यावरून कल्पना यावी.

प्लास्टिकचा हिशेब

आता नायलॉनकडे यावे. नायलॉनचा प्रसरणांक साधारण ८० ते १०० असतो. डेलरिन या नावाने बाजारात मिळणाऱ्या ॲसिटलचा १०० ते ११०, ॲक्रिलिकचा ७० च्या आसपास, टेफ्लॉनचा १०० हून अधिक, तर बाटल्या भरण्याच्या यंत्रांतील स्टार व्हील ज्या अतिघन पॉलिथिनची करतात, त्याचा १५० ते २००. पोलादाचे ११.५ डोळ्यांसमोर ठेवले, तर प्लास्टिक सात-आठ पटींपासून पंधरा पटींपर्यंत अधिक वाढते. महागड्या पीक या प्लास्टिकचाही प्रसरणांक ५० च्या जवळपास, म्हणजे पोलादाच्या चौपट आहे.

असे होण्याचे कारण प्लास्टिकच्या घडणीत आहे. धातूत अणू सर्व दिशांनी बळकट बंधांनी जखडलेले असतात. प्लास्टिक म्हणजे शिजवलेल्या शेवयांसारख्या लांबच लांब साखळ्यांचा गुंता. एका साखळीतील कार्बनचे अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. पण शेजारच्या साखळीशी त्यांचे नाते अगदी दुबळ्या आकर्षणाचे. तापमान वाढले की साखळ्या एकमेकींपासून सहज दूर सरतात. नायलॉनमध्ये काचतंतू मिसळले, तर ते साखळ्यांना आवर घालतात आणि तंतूंच्या दिशेने प्रसरणांक २० ते ३० पर्यंत खाली येतो. आडव्या दिशेने मात्र तो बराच जास्त राहतो. एकाच नगाची लांबी आणि रुंदी त्यामुळे वेगवेगळ्या प्रमाणात वाढू शकते.

भोसरीतील बुशचा हिशेब आता मांडता येतो. नायलॉनचा प्रसरणांक ९० धरला, तर १०० मिलिमीटरचा बुश १८ अंशांनी तापल्यावर १६२ मायक्रॉनने वाढतो. मायक्रोमीटर २१ मायक्रॉनने वाढलेला असतो. उरतात १४१ मायक्रॉन, म्हणजे ०.१४ मिलिमीटर. ३८ अंशांना १००.०० दाखवणारा बुश २० अंशांना ९९.८६ दाखवणार, हे लेथवर चढण्यापूर्वीच ठरलेले होते. टर्नरने माप चुकवले नाही आणि तपासनिसानेही नाही. दोघांनी दोन वेगवेगळ्या तापमानांना मोजलेली ती एकच वस्तू होती.

हिवाळ्यात हेच नाटक उलट घडते. जानेवारीत नाशिकच्या एखाद्या कारखान्यात सकाळी १० अंश तापमान असताना तोच बुश १००.०० ला उतरवला, तर तपासणीच्या खोलीत तो १००.०८ भरतो. उन्हाळ्यात माल कमी मापाचा म्हणून परत येतो, हिवाळ्यात जास्त मापाचा म्हणून. मग 'हात बसला नाही' हा ठपका कारागिरावर येतो.

हाताला न कळणारी ऊब

प्लास्टिकची दुसरी खोड अशी की, ते उष्णता सहजी सोडत नाही. साधे पोलाद नायलॉनच्या सुमारे दोनशे पट अधिक उष्णतावाहक आहे. टर्निंगच्या वेळी टूल आणि जॉब यांच्या घर्षणातून उष्णता निर्माण होते. पोलादी जॉबमध्ये ती सर्वत्र पसरते. जॉब बिडाच्या सरफेस प्लेटवर ठेवला की प्लेट ती शोषून घेते आणि आत-बाहेर तापमान सारखे होते. नायलॉनच्या जाड ठोकळ्यात पृष्ठभाग निवला, तरी गाभा तापलेलाच राहतो. प्लेटवर ठेवूनही फारसा फरक पडत नाही.

यात आपला हातही फसवतो. २० अंशांच्या खोलीत पोलाद हाताला थंडगार लागते, कारण ते बोटांतील उष्णता झपाट्याने ओढून घेते. त्याच तापमानाचे प्लास्टिक थंड लागत नाही. त्यामुळे प्लास्टिकचा नग खोलीइतका निवला आहे की आत अजून ऊब आहे, हे स्पर्शाने ओळखता येत नाही. पोलादावर वर्षे काढलेल्या कारागिराचा हा अंदाज येथे निरुपयोगी ठरतो.

आणखी एक बारकावा मोजण्याच्या दाबाचा. प्लास्टिक पोलादाच्या मानाने फार मऊ आहे. मायक्रोमीटरच्या जबड्यांत पातळ भिंतीचा बुश किंचित दबतो आणि माप कमी दिसते. म्हणूनच रॅचेट न वापरता अंदाजाने आवळण्याची सवय पोलादावर खपून जाते, प्लास्टिकवर नाही.

पावसाळ्याचे माप

तापमानाचा हिशेब चोख ठेवला, तरी नायलॉनबाबत एक गोष्ट उरतेच, ती म्हणजे ओलावा. नायलॉनच्या साखळ्यांना पाण्याची ओढ असते. हवेतील बाष्प ते शोषून घेते आणि फुगते. साच्यातून नुकताच निघालेला कोरडा नग मध्यम दमट हवेत पुरेसा काळ राहिला, तर आपल्या वजनाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास पाणी पितो आणि त्याची लांबी अर्ध्या टक्क्याने किंवा त्याहूनही अधिक वाढू शकते. १०० मिलिमीटरवर हे अर्धा मिलिमीटर झाले. तापमानाने झालेल्या फरकाच्या तिप्पट-चौपट. जाड नगाला यासाठी आठवडे, कधी महिने लागतात, म्हणून हा बदल चटकन ध्यानात येत नाही. मार्चमध्ये पास झालेला नग ऑगस्टमध्ये गोदामातून काढल्यावर शाफ्टवर चढेनासा झाला किंवा खोबणीत अडकला, तर त्याचे मूळ येथे असू शकते. ॲसिटल पाणी फारच कमी शोषते, म्हणून अचूक मापाच्या भागांसाठी अनेक जण नायलॉनऐवजी त्याची निवड करतात. तापमानाच्या बाबतीत मात्र तेही नायलॉनइतकेच बेभरवशाचे आहे.

टेफ्लॉनची तऱ्हा याहून निराळी. १९ अंशांच्या आसपास त्याची स्फटिकरचना बदलते आणि घनफळ साधारण एका टक्क्याने वाढते. १०० मिलिमीटरच्या कड्याचा व्यास त्यामुळे सुमारे ०.३ मिलिमीटरने पुढे-मागे होऊ शकतो. योगायोग असा की, मोजमापाचे २० अंश नेमके या उंबरठ्यावरच येतात. वातानुकूलन यंत्र १७ अंशांवर ठेवलेले होते की २३ वर, यावर टेफ्लॉनचे कडे पास की नापास हे ठरू शकते.

भर म्हणून मानकेही एकच तापमान सांगत नाहीत. लांबीच्या मापांसाठी २० अंश, तर प्लास्टिकच्या चाचण्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक २३ अंश आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता सांगते. उष्ण प्रदेशांसाठी २७ अंश आणि ६५ टक्के असा पर्यायही देते. नायलॉनच्या १०० मिलिमीटरच्या नगात २० आणि २३ अंशांमध्येच २७ मायक्रॉनचा फरक पडतो. कोणते धरायचे, हे ड्रॉईंगवर लिहिले नसेल, तर पुरवठादार आणि ग्राहक दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात.

मग करायचे काय?

सर्वांत साधा उपाय म्हणजे धीर. जॉबचे रफ टर्निंग करून तो निवू द्यावा आणि मगच शेवटचा हात फिरवावा. मोजण्यापूर्वी नग आणि मायक्रोमीटर दोन्ही एकाच खोलीत काही तास, जाड नग असल्यास रात्रभर, लोणच्यासारखे मुरू द्यावेत. घाईत मोजलेले प्लास्टिक हमखास खोटे सांगते.

ज्यांच्याकडे वातानुकूलित खोली नाही, त्यांना शंभर-दोनशे रुपयांचा तापमापक आणि एक गुणाकार बराच आधार देऊ शकतो. नायलॉन आणि पोलाद यांच्या प्रसरणांकांतील फरक ७८ ते ७९, म्हणजे १०० मिलिमीटरला दर अंशामागे साधारण ८ मायक्रॉन. खोलीचे तापमान २० पेक्षा जितके अंश जास्त, तितक्या वेळा ८ मायक्रॉन ड्रॉईंगवरील मापात मिळवावेत. ३८ अंशांना हे १४४ मायक्रॉन होतात. म्हणजे भोसरीतील टर्नरने १००.०० वर न थांबता मायक्रोमीटरवर १००.१४ दिसताच नग उतरवायला हवा होता. कारागिराच्या डोळ्याला हा नग मोठा वाटेल, पण २० अंशांना तो बरोबर उतरेल.

या गुणाकाराला मर्यादा आहेत. प्लास्टिकचा प्रसरणांक हा पोलादासारखा पक्का आकडा नसतो. मिश्रण, ओलावा, सळी कशी ओतली आहे आणि तापमान किती आहे, यानुसार तो दहा-पंधरा टक्क्यांनी सहज बदलतो. १६२ मायक्रॉनच्या पंधरा टक्के म्हणजे २४ मायक्रॉन, ०.०५ च्या मुभेतील जवळपास निम्मा वाटा एवढ्यातच संपतो. त्यामुळे मुभा कमी असेल तेव्हा गणिताऐवजी २० अंशांच्या खोलीचाच आश्रय घ्यावा. दुसरा मार्ग म्हणजे त्याच सळीतून कापलेला एक नग २० अंशांच्या खोलीत नीट मोजून घ्यावा, त्यावर माप लिहावे आणि तो लेथशेजारी ठेवावा. नवा नग त्याच्याशी ताडून पाहिला की दोघांचे प्रसरण एकमेकांना छेद देते. पोलादाची जी माया प्लास्टिकला लाभत नाही, ती अशी उसनी आणता येते. मात्र नायलॉनचा हा नमुना दर काही महिन्यांनी पुन्हा मोजावा लागतो, कारण पावसाळा त्यालाही सोडत नाही.

मोठ्या कारखान्यांतील संगणकीय मापन यंत्रे तापमानाची दुरुस्ती स्वतःच करतात, म्हणून तेथे चूक होणार नाही, असे मानणेही धोक्याचे आहे. यंत्राला पदार्थाचा प्रसरणांक सांगावा लागतो. आधीच्या जॉबसाठी भरलेला पोलादाचा आकडा तसाच राहिला आणि टेबलावर नायलॉन चढले, तर यंत्र चार दशांशस्थळांपर्यंत चुकीचे उत्तर देते. छापून आलेल्या आकड्याविषयी मग कोणी शंकाही घेत नाही. हल्ली त्रिमितीय प्रिंटरवर प्लास्टिकची गेज छापून घेण्याची सोय झाली आहे. जॉब इकडचा की तिकडचा हे ओळखायला ती उपयोगी आहेत. शतांश मिलिमीटरचा निवाडा त्यांच्यावर सोपवता येत नाही. शाळेतील ३० सेंटिमीटरची ॲक्रिलिकची पट्टीसुद्धा २० अंशांच्या फरकाने ०.४ मिलिमीटर लांब होते. तीच पोलादी असेल, तर ०.०७ मिलिमीटर.

निर्णय ड्रॉईंगच्या टेबलावर

मापाचा हा वाद केवळ पास-नापासपुरता नाही. बुश पोलादी घरात दाबून बसवला जातो आणि त्यातून शाफ्ट फिरतो. यंत्र चालू झाले, सगळे ४० अंशांनी तापले, तर ५० मिलिमीटर व्यासाच्या नायलॉनला पोलादी घरापेक्षा ०.१५ मिलिमीटरहून अधिक वाढायचे असते. बाहेर जागा नसते. ही वाढ आतल्या बाजूला, भोकाकडे सरकते आणि शाफ्टभोवतीची मोकळी जागा गिळून टाकते. शाफ्ट घासू लागतो, घर्षणाने उष्णता वाढते, उष्णतेने बुश आणखी फुगतो आणि अखेर शाफ्टला धरून बसतो. पितळी बुशसाठी ठेवलेली मोकळी जागा नायलॉनला पुरत नाही, ती यामुळेच. तपासणीत शंभर टक्के पास झालेला बुशही अशा रीतीने यंत्र बंद पाडू शकतो.

म्हणून खरा निर्णय ड्रॉईंग काढणाऱ्याच्या टेबलावर व्हायला हवा. जुना भाग पितळेचा होता, तो स्वस्त आणि हलका म्हणून नायलॉनचा केला. पण ड्रॉईंगवरील पदार्थाचे नाव तेवढे बदलले आणि मुभेचा रकाना तसाच राहिला, हे अनेक तंट्यांचे मूळ असते. पितळेला शोभणारी ०.०५ ची मुभा नायलॉनवर लादणे म्हणजे सहा अंशांच्या चढउतारातच ती खर्ची पडू देणे. मुभा वाढवता येत नसेल तर पदार्थ बदलावा, आणि पदार्थ बदलता येत नसेल तर मोजण्याचे तापमान व आर्द्रता ड्रॉईंगवरच लिहावी. पुरवठ्याच्या करारात 'माप २० अंशांना, नग किती तास ठेवल्यावर' ही एक ओळ वाढवायला काही खर्च येत नाही. परत आलेल्या लॉटचा खर्च मात्र बहुतेक वेळा सर्वांत लहान कारखानदाराच्या खिशातून जातो.

भोसरीतील त्या दोघांचा वाद मायक्रोमीटर तपासून मिटणार नव्हता, कारण बिघाड मायक्रोमीटरमध्ये नव्हताच. ९९.८६ आणि १००.०० हे दोन्ही आकडे खरे होते. दोघांनीही एकमेकांना खोलीचे तापमान तेवढे विचारले नव्हते.